पुढचं दार

रिबादाल, ९ नोव्हेंबर १९७५

अदेलिनो,

तू जिवंत आहेस, आणि आपल्या देशात आहेस, हे मला टपालवाल्याच्या बायकोकडून कळावं? तिचा भाचा लिस्बनला पोलिसात आहे. तो सांगत होता, अंगोला हातचं चाललंय, तिथून विमानं भरभरून आपली माणसं येतायत, सरकारनं त्यांना समुद्राकाठच्या मोठमोठ्या हॉटेलांत ठेवलंय, आणि एस्तोरिलच्या एका हॉटेलात जेवणाच्या रांगेत रिबादालचा माणूस भेटला. नाव नाही सांगितलं, पण कान म्हणे सुपासारखे. बाबांचे कान मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार?

एकोणीस वर्षांनी पाऊल ठेवलंस आणि एक ओळ लिहवली नाही तुझ्याच्यानं. हॉटेलात गालिचे आहेत म्हणे, मग शाईची दौत नाही होय? मी तुझी थोरली बहीण आहे, शेंबडं नाक पुसलंय तुझं. माझ्याशी कसली लाज?

आईला त्याच संध्याकाळी सांगितलं. ती सूपसाठी कोबीची पानं चिरत होती. अजूनही इतकी बारीक चिरते की डोळ्यांनी दिसत नाही असं म्हणायची सोय नाही. मी म्हटलं, "आई, अदेलिनो आलाय. बायकोही आहे बरोबर."

सुरी थांबली नाही. "कुठला अदेलिनो?"

"तुझा, आणखी कुठला!"

"माझा एकच होता. तो आफ्रिकेत मातीखाली आहे."

आबिलियोबद्दल बोलत होती, हे तुला सांगायला नको. आपला धाकटा जाऊन आठ वर्षं झाली, पण या घरात तो काल गेल्यासारखा आहे. आणि तू काल गेल्यासारखा नाहीस, तू कधी नव्हतासच. मला हे लिहिताना वाईट वाटतंय, पण खोटं कशाला लिहू?

मी काही एवढ्यानं गप्प बसणारी नाही. मला तू घरी हवा आहेस. आईनं तुझ्यासाठी दार उघडायला हवं, ती आहे तोवर. ती बहात्तरची झाली. दुसरं काही माझ्या मनात नाही.

गाय ठीक आहे. द्राक्षं यंदा बरी झाली, वाइन थोडी आंबट आहे पण पिता येते. चर्चमध्ये क्रूस धरतो तो बेल्मिरो, त्याची बायको गेल्या वर्षी वारली, त्यानं कोबीची रोपं आणून दिली. मी मागितली नव्हती.

तुझी ताई,
देओलिंदा


रिबादाल, १४ डिसेंबर १९७५

अदेलिनो,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, चिठोरं! उलटसुलट करून पाहिलं, मागं काही लिहिलंय का म्हणून. "ताई, माझ्याजवळ जे आहे ते घेऊन मी मागच्या दारानं येणार नाही. आईला विचार, पुढचं दार उघडेल का." झालं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते तुझ्यासारख्यांसाठीच.

पुढचं दार हवंय साहेबांना! तिकडं अंगोलात कार्मोनाला दुकान काढलंस, कॉफीची चार झाडं लावलीस, म्हणून विसरलास का आपल्या घरची रीत? पुढच्या दारानं आपल्याकडं कोण येतं? ईस्टरला क्रूस येतो. नवी सून येते. आणि मेलेलं माणूस जातं. बाकी आपण सगळे, बाबांसकट, जन्मभर स्वयंपाकघराच्या दारानं आलो-गेलो. खुद्द पाद्रीबाबासुद्धा एरवी कोंबड्यांमधूनच वाट काढत येतात.

आणि ते दार आबिलियो गेल्याची तार आली तेव्हापासून बंद आहे. मी तुला हे कधी लिहिलं नव्हतं. ईस्टरला गावभर लोक रस्त्यापासून उंबऱ्यापर्यंत फुलांची वाट घालतात, क्रूस त्या वाटेवरून घरात येतो, सगळे गुडघ्यावर बसून त्याचं चुंबन घेतात. आपल्या दारात फूल नाही, पान नाही. फुलं नसली की क्रूस पुढं जातो. घंटा आपल्या भिंतीशी येते आणि निघून जाते. बेल्मिरो दर वर्षी आपल्यापाशी दोन पावलं हळू होतो, मला खिडकीतून दिसतं. मग चालू लागतो बिचारा. त्या दिवशी आई पाठ करून बसते आणि वाटाणे सोलते.

त्या दारातून माझा मुलगा बाहेर गेला नाही, मग देव कशाला आत येतो, असं ती पाद्रीबाबांना तोंडावर म्हणाली होती.

आबिलियो तिथंच राहिला. सरकार पोराला बोटीनं फुकट नेतं आणि शवपेटी परत हवी तर घरच्यांकडून भाडं मागतं, तेवढं कुठून आणायचं होतं आपण? तू तरी कुठून आणणार होतास, तेव्हा तुझं दुकान नुकतंच जळालं होतं. मला ते कळतं. आईला कळत नाही, आणि कळून घ्यायचंही नाही.

परवा डुक्कर कापलं. ओढ्यावर आतडी धुताना हर्मीनियाकाकूनं सुरू केलं, "तुमचा अदेलिनो आलाय म्हणे. आफ्रिकेत काळ्यांच्या जिवावर खाल्लं, आता आमच्या जिवावर हॉटेलात खातोय." मी म्हटलं, "काकू, तुझा नवरा फ्रान्समध्ये विटा वाहतो, कुणाच्या जिवावर खातो ते मी विचारलंय का कधी?" आतडं तिच्या अंगावर उडालं. माझा हात घसरला होता.

पण आई ऐकत होती. घरी आल्यावर भिंतीवरच्या तसबिरीच्या चौकटीमागून तिनं आबिलियोचा अर्धा फोटो काढला. तुला माहीत नसेल, तू नव्हतास. इथली पोरं फौजेतून सुटायला रानावनातून फ्रान्सला पळायची ना, तेव्हा फोटो फाडून जायची. अर्धा घरी, अर्धा बरोबर. पलीकडं पोचलं की आपला अर्धा परत पाठवायचा. दोन तुकडे जुळले की घरच्यांनी समजायचं, पोरगा सुखरूप पोचला. आबिलियोचं सगळं ठरलं होतं. फोटो फाडून झाला होता, वाटाड्या दोन दिवसांनी यायचा होता. आणि तुझं पत्र आलं. "त्याला पळू देऊ नका. अंगोला आपलंच आहे, इथं मी आहे. दोन वर्षं फौजेत काढेल आणि मग माझ्या दुकानात बसेल." पत्र मीच वाचून दाखवलं होतं आईला. ती किती खूश झाली होती! दोन्ही पोरं एके ठिकाणी राहतील म्हणाली.

आबिलियो हसला, त्याचा अर्धा खिशात टाकला आणि म्हणाला, "राहू दे तुझ्याजवळ एक. आल्यावर डिंकानं चिकटवू." आता आईकडं उजवा गाल आहे, एक डोळा, आणि लग्नाकार्याला घालायचा तो कोट.

"तो पळाला असता तर आज पॅरिसात विटा वाहत असता," आई म्हणाली. "हर्मीनियाच्या नवऱ्यासारखा जाडा झाला असता." मग फोटो परत चौकटीमागं ठेवला.

हे वाचून तू आणखी गप्प होशील, हे मला ठाऊक आहे. होऊ नकोस. तूही चांगलंच चिंतलं होतंस, ते मी आईला हजारदा सांगितलंय. शाळेत भिंतीवर तो नकाशा होता ना, आपले जिंकलेले सगळे मुलूख युरोपवर चिकटवलेले, देश लहान नाही म्हणून दाखवायला? मास्तर छडी मारून पाठ करून घ्यायचे. तू पाठ केलंस आणि खरं मानलंस. मीही मानलं होतं. गोवा गेलं तेव्हा या गावातल्या बायका रडल्या होत्या, कुठं आहे ते एकीलाही माहीत नव्हतं.

दोन सॉसेजं, मक्याचा पाव आणि लोकरीचे मोजे पाठवतेय. मोजे तुझ्या बायकोला, झुल्मिराला, तुला नव्हेत. जन्मभर उन्हात राहिलेली पोर, थंडीनं काकडत असेल. आणि तुझं ते मोठं खोकं म्हणे बंदरावर अडकलंय. हर्मीनियाकाकू म्हणते, त्यात फ्रिज असणार. सगळेजण फ्रिज आणतात, म्हणे. फ्रिज घेऊन पुढच्या दारानं मिरवत यायचं आहे का रे तुला?

देओलिंदा


रिबादाल, २२ फेब्रुवारी १९७६

अदेलिनो,

झुल्मिराचं अक्षर तुझ्यापेक्षा शंभर पटींनी चांगलं आहे, आणि मनही. मोजे बरोबर बसले, असं तिनं लिहिलंय. मला हसू आलं. मी ते माझ्या मापाचे विणले होते, म्हणजे तिचे पाय माझ्यासारखे फताडे असणार. सांग तिला, अशा पायांची बाई चिखलात घसरत नाही.

तिनं पाठवलेली कॉफीची पुरचुंडी पोचली. शेवटची मूठ होती, तुमच्याच झाडांची, असं तिनं लिहिलंय. मी आईला न सांगता भाजली. आता कॉफी भाजून लपवता येते का? सगळं घर घमघमलं. आई गोठ्यातून आली, मी कप पुढं केला. तिनं वास घेतला, बराच वेळ घेतला. मग कप खाली ठेवून म्हणाली, "यासाठी."

एवढंच. यासाठी. मी तोंड फिरवून भांडी घासायला लागले, कारण मला रडू आलं होतं आणि तिच्यासमोर रडायचं नव्हतं.

पण ऐक. दुसऱ्या सकाळी मी माझा कप करून गाईकडं गेले, परत आले तर कप रिकामा. मांजर कॉफी पीत नाही. मी कप धुऊन ठेवला. मग दुपारी तिनं उगाच विचारलं, "ती पोर, तिची आई कोण?"

मी म्हटलं, "आई तिथली. काळी. बाप आपल्याकडचा, त्रास-ओस-मोंतेसचा."

"जिवंत आहे आई?"

"नाही. लहानपणीच गेली."

आईनं मान हलवली आणि बटाटे निवडायला घेतले. तू म्हणशील यात काय एवढं? अरे, आठ वर्षांत तिनं तुझ्या घरातल्या कुणाबद्दल एक प्रश्न विचारला नव्हता!

पुढच्या दाराचं मी अजून विचारलेलं नाही. दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. तू ते दार सोड ना रे. मागून ये. कोंबड्यांमधून ये. फ्रिज हवा तर खिडकीतून घेऊ.

बेल्मिरो परवा छपराची कौलं बसवायला आला होता. त्यानं मला एक गोष्ट विचारली. मी म्हटलं, आई एकटी पडेल, ते काही जमायचं नाही. ते जाऊ दे. कौलं चांगली बसली.

देओलिंदा


रिबादाल, १२ एप्रिल १९७६

अदेलिनो,

घाईत लिहितेय, टपालवाला फाटकाशी उभा आहे आणि त्याची बायको आतल्या मजकुराची वाट बघतेय.

तुझं पत्र आलं. शनिवारी झुल्मिरा बसनं येतेय. एकटी. तू नाही. का? स्वतः कचरतोस आणि बायकोला पुढं घालतोस? जिनं हा मुलूख पाहिला नाही, इथली थंडी पाहिली नाही, आपल्या आईची जीभ पाहिली नाही, तिला? वाघाच्या गुहेत पोर पाठवणारा बाप्या पहिल्यांदा पाहिला. "तिच्याजवळ दिलंय ते ताई तू नीट घे" म्हणतोस. काय दिलंयस ते लिहायला मेलं बोट दुखतं तुझं.

खोकं फोडून बाकी सगळं विकलंस, हेही लिहितोस आणि पुढं काही नाही. मला काळजी वाटतेय. तू आजारी नाहीस ना?

तिला स्टँडवर घ्यायला मी जाईन. आईला मी सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती दाराला कडी लावेल, आणि नाही सांगितलं तर निदान पोरगी ओट्यापर्यंत तरी येईल.

दे.


रिबादाल, २५ एप्रिल १९७६

माझ्या राजा,

गाव मतदानाला गेलंय. मीही जाऊन आले, कागदावर फुली मारून. आता बसून सगळं सांगते, कारण झुल्मिरानं तुला तारेतून चार शब्द कळवले असतील आणि चार शब्दांत हे मावत नाही.

शनिवारी गाय व्यायला आली. म्हणून मला स्टँडवर जाता आलं नाही. वासरू अडलं होतं, माझे दोन्ही हात कोपरापर्यंत रक्तात. तेवढ्यात ठकठक. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "कोण पुढचं दार वाजवतंय?"

अदेलिनो, ते दार कुणी वाजवत नाही. या गावात लहान पोरालाही ते ठाऊक आहे. मी गोठ्यातूनच ओरडले, "मागून या! मागून!" मला वाटलं, बिचारीला माहीत नाही. हात पुसत धावत पुढं गेले. अंगणात ती उभी, पातळ कोट, माझे मोजे, आणि छातीशी धरलेली एक लाकडी पेटी, आफ्रिकेच्या रंगीत कापडात बांधलेली. पाळण्यातलं पोर बाहेर काढावं तशी धरलेली. बसमध्येही तिनं ती मांडीवरून खाली ठेवली नव्हती, कंडक्टर भांडला तरी.

मी म्हटलं, "अगं झुल्मिरा, इकडून ये, हे दार उघडत नाही."

ती म्हणाली, "ताई, मी मागून आले असते. माझं काय! पण यांना मागच्या दारानं न्यायचं नाही, असं त्यांनी सांगितलंय."

"यांना म्हणजे कुणाला?"

तिनं पेटी आणखी जवळ धरली. "त्यांनी लिहिलं नाही तुम्हाला?"

तेव्हा मला कळलं. तुझं ते डिसेंबरचं चिठोरं आठवलं. माझ्याजवळ जे आहे ते घेऊन. आणि मी गाढवीण, फ्रिज म्हणून हसत होते! सुंभ आणि पीळ काढत होते! मी तिथंच पायरीवर बसले.

आई आतून ऐकत होती. दाराच्या पलीकडून म्हणाली, "कोण आहे गं?"

 झुल्मिरानं दाराच्या फळीला तोंड लावलं आणि म्हणाली, "आई, मी अदेलिनोची बायको. आबिलियोभावजींना आणलंय."

आतून पावलं वाजली. मग अडसर ओढण्याचा आवाज. तो गंजला होता, हलेना. मी मागून धावत जाणार तेवढ्यात आई करवादली, "तू थांब! मी काढते!" आठ वर्षांचा गंज त्या म्हातारीनं एकटीनं काढला. ऑलिव्हच्या तेलाची बुधली पालथी केली, लाटण्यानं ठोकला, आणि दार उघडलं. माळ्यावरची धूळ सगळ्यांच्या डोक्यावर पडली.

दोघी समोरासमोर. आई तिच्या चेहऱ्याकडं बघतच नव्हती, पेटीकडं बघत होती. म्हणाली, "एवढासाच?"

"आई, एवढंच राहतं," झुल्मिरा म्हणाली. "आम्ही दोघांनी मिळून हाडं धुतली. कार्मोना सोडायच्या आधी. लोक ट्रकवर फ्रिज चढवत होते, आम्ही कबरस्तानात होतो. आमच्या खोक्यातही तेवढीच एक गोष्ट मोलाची होती, बाकी भांडीकुंडी. दर नोव्हेंबरला आम्ही त्यांच्याकडं जायचो, फुलं घेऊन. मागं तिथं कोण गेलं असतं आता?"

आईनं हात पुढं केले. झुल्मिरानं पेटी तिच्या हातात दिली आणि कोटाच्या आतल्या खिशातून पाकीट काढलं. तुझं पाकीट, मी ओळखलं, बाबांनी दिलेलं. त्यातून तो अर्धा फोटो. डावा गाल. एवढी वर्षं तुझ्याजवळ होता आणि तू कुणाला सांगितलं नाहीस! आईनं पेटी टेबलावर ठेवली, चौकटीमागून आपला अर्धा काढला आणि पेटीच्या झाकणावर दोन्ही शेजारी लावले. कड बरोबर जुळली. तो हसतोय रे त्यात. मी विसरले होते की तो हसत होता.

"पोचला," आई म्हणाली. "पोचला एकदाचा."

मग ती रडली. तार आली तेव्हा रडली नव्हती, हे तुला सांगते. झुल्मिरा काय करावं न कळून उभी होती. आईनं तिचा कोट धरून खाली ओढलं आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मी रक्ताच्या हातांनी दोघींना धरलं. वासराचं कुणालाच भान नव्हतं; ते आपलं आपण बाहेर आलं, देवाची कृपा.

रात्री जेवताना आईनं विचारलं, "तो का नाही आला?"

झुल्मिरा म्हणाली, "ते म्हणाले, धाकटा आधी. तो घरात गेला म्हणजे मग विचारा, मला घेतात का."

आईनं झुल्मिराच्या बशीत आणखी एक बटाटा ठेवला.

ईस्टरच्या सकाळी मला जाग आली ती कात्रीच्या आवाजानं. आई अंगणात. कॅमेलियाचं झाड तिनं बोडकं केलं होतं. विस्टेरियाचे घोस, बडीशेपेचा पाला, रोझमेरी, जे हाताला लागेल ते. झुल्मिरा टोपलं धरून मागं, आणि आई तिला शिकवतेय, "कडेला हिरवं, मधे लाल. पातळ नको घालू, कंजूष आहोत का आपण?" हर्मीनियाकाकू कुंपणापाशी आली, पोरीकडं बघून तिनं तोंड उघडलं. आई म्हणाली, "सून आहे माझी. बोल, काय म्हणत होतीस?" काकू म्हणाली, "काही नाही, माझ्याकडं पांढरी फुलं उरलीत, आणू का?" आणि आणली. तिचंही मन वाईट नाही.

घंटा कोपऱ्यावर आली. बेल्मिरो सवयीनं आपल्यापाशी दोन पावलं हळू झाला, खाली बघितलं, आणि पायाखाली फुलं! तो तिथंच थांबला. एवढा थोराड माणूस, फुलांवर पाय ठेवेना. पाद्रीबाबांनी पाठीवर हात ठेवला तेव्हा आत आला. आई गुडघ्यावर बसली. तिनं आधी पेटीचं चुंबन घेतलं, मग क्रूसाचं. 

सोमवारी आबिलियोला बाबांच्या शेजारी ठेवलं. त्याच दारातून बाहेर नेला. सगळं गाव होतं. फोटो आईनं डिंकानं चिकटवलाय, थोडा वाकडा.

झुल्मिरा इथंच आहे. तिला दूध काढता येत नाही, गाय तिला लाथा घालते, आणि आई गाईला शिव्या घालते. बेल्मिरोनं मला ती गोष्ट पुन्हा विचारली. मी अजून उत्तर दिलेलं नाही. माझं उत्तर थोडं तुझ्यावर अवलंबून आहे, आणि दुसरं काही माझ्या मनात नाही असं आता मी म्हणणार नाही.

एक राहिलं. क्रूस येऊन गेला की फुलं त्याच दिवशी झाडतात, तुला माहीत आहे. आपली आज आठवडाभर पडून आहेत. वाळली, तपकिरी झाली, कोंबड्या त्यात पाय ओढतात. काल मी झाडू घेऊन गेले तर आईनं तो हातातून काढून घेतला.

"राहू दे," म्हणाली. "अजून एक जण यायचाय."

दारही तिनं लावू दिलेलं नाही. घरात गारठा येतो, शेणाचा वास येतो, मांजर रस्त्यावर जातं, पण ते उघडंच आहे. वारा सुटायच्या आत ये.

ताई